सप्लाय चेन ॲनालिटिक्समध्ये मास्टर्स करावं का? आधी स्वतःच्या कामातला प्रश्न शोधा

मला विचारला जाणारा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालंय, ६ वर्षं मटेरियल प्लॅनिंगमध्ये काढलीत, रोजचं काम म्हणजे ईआरपीमधून (कंपनीचे सगळे व्यवहार ज्यात नोंदवतात ते सॉफ्टवेअर) रिपोर्ट काढायचा, एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्हट मारायचे, वेंडरच्या मागे लागायचं, आणि आता पुढची पायरी दिसत नाहीये. तर सप्लाय चेन ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे मालाची खरेदी, साठा आणि पुरवठा यांचे निर्णय डेटा आणि गणिताने घेण्याच्या विषयात, मास्टर्स करावं, की एमबीए, की दोन-तीन सर्टिफिकेटं पुरेत? नोकरी सोडून करावं की चालू ठेवून? आणि गणित सुटून इतकी वर्षं झालीत, झेपेल का?

मी या कामात १९ वर्षं आहे, निम्मी स्पेअर पार्ट्सच्या इन्व्हेंटरीत गेली आणि बाकीची डिस्ट्रिब्यूशन नेटवर्कमध्ये, आठव्या वर्षी नोकरी चालू ठेवून पार्ट-टाइम मास्टर्स केलं, आणि हल्ली टीमसाठी माणसं निवडायचं कामही माझ्याकडे असतं, म्हणजे डिग्री घेऊन येणारे लोक टेबलाच्या दुसऱ्या बाजूने मी भरपूर बघतो. त्यावरून सांगतो, डिग्री कामाला येते, चांगलीच येते, पण ती कोणाला कामाला येते तर जो स्वतःच्या कामातला एक अडलेला प्रश्न डोक्यात घेऊन वर्गात जातो त्याला. "ॲनालिटिक्सला स्कोप आहे म्हणून करतोय" असं म्हणून जाणारा माणूस दोन वर्षांनी पायथॉन शिकून बाहेर पडतो आणि पुन्हा रिपोर्टच काढत बसतो, फक्त आता तो रिपोर्ट पायथॉनमध्ये असतो. असे बरेच जण मला इंटरव्ह्यूमध्ये भेटलेत आणि दर वेळी वाईट वाटतं कारण मेहनत त्यांनी खरोखर घेतलेली असते.

प्रश्न म्हणजे नक्की काय ते एका उदाहरणाने सांगतो, आकडे मुद्दाम सोपे घेतलेत. समजा एका आयटमची मागणी दिवसाला सरासरी १०० नग, रोजचा चढउतार म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन २० नग. वेंडरचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हातात येईपर्यंतचा वेळ, सरासरी ९ दिवस. आता सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी जास्तीचा साठा, किती ठेवायचा? बहुतेक प्लॅनर काय करतात तर मागणीचा चढउतार घेतात, ९ चं वर्गमूळ ३, ३ गुणिले २० म्हणजे ६०, त्याला १०० पैकी ९५ वेळा माल संपू नये म्हणून १.६४५ ने (नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनच्या तक्त्यातला आकडा) गुणलं की साधारण ९९ नग. झालं, सिस्टिममध्ये १०० टाकतात आणि पुढच्या आयटमला लागतात.

पण तो वेंडर कधी ६ दिवसांत माल देतो, कधी १२ दिवसांत, म्हणजे लीड टाइमचंच स्टँडर्ड डेव्हिएशन ३ दिवस आहे, हे कोणी धरलेलंच नसतं. ते धरलं तर व्हेरियन्स, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग, दोन भागांची होते: ९ गुणिले २० चा वर्ग म्हणजे ३,६००, आणि १०० चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग म्हणजे ९०,०००. बेरीज ९३,६००, वर्गमूळ साधारण ३०६, आणि सेफ्टी स्टॉक निघतो ५०३ नग. ९९ कुठे आणि ५०३ कुठे. म्हणजे तो आयटम सारखा संपतो, सगळे प्लॅनरला बोल लावतात, आणि प्लॅनर म्हणतो फोरकास्ट (मागणीचा अंदाज) चुकलं.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. मॅनेजमेंट म्हणते फोरकास्टिंग सुधारा, नवीन सॉफ्टवेअर आणा, मशीन लर्निंग लावा. समजा सगळं जमलं आणि मागणीतली अनिश्चितता निम्मी झाली, २० ची १० झाली. सेफ्टी स्टॉक किती उतरला? ५०३ वरून ४९६. सात नग! आणि त्याऐवजी कोणी वेंडरबरोबर बसून त्याचं वेळापत्रक सरळ करून घेतलं, लीड टाइमचा चढउतार ३ दिवसांवरून १ दिवसावर आणला, तर तोच आकडा १९२ वर येतो. फोरकास्टला हातही न लावता.

हे गणित मी मास्टर्सच्या दुसऱ्या महिन्यात शिकलो आणि त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्याआधीची सहा वर्षं मी फोरकास्ट अचूक करण्याच्याच मागे होतो. हे सूत्र काही गुपित नाही, ते कुठल्याही पुस्तकात मिळेल, पण ते माझ्या आयटमना लावून बघायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मास्टर्सचं शिक्षण काय देतं असं मला विचाराल तर हेच देतं: सात-आठ खुंट्या आहेत, त्यातली कुठली पिळली की वाद्य सुरात येईल हे हिशोबाने सांगता येणं. आणि कंपनी पगार वाढवते ते यासाठी, डॅशबोर्डसाठी नाही.

त्याच उदाहरणातली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण इथे भले भले चुकतात. "आम्हाला ९५ टक्के सर्व्हिस लेव्हल हवी" असं मीटिंगमध्ये सर्रास बोललं जातं. कुठली ९५? ऑर्डरच्या १०० चक्रांपैकी ९५ चक्रांत माल संपायला नको, ही एक व्याख्या. मागितलेल्या १०० नगांपैकी ९५ नग लगेच देता यायला हवेत, ही दुसरी, हिला फिल रेट म्हणतात. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. पण वरच्याच आयटमची ऑर्डर एका वेळी ३,००० नगांची असेल तर पहिल्या व्याख्येने ५०३ नग सेफ्टी स्टॉक लागतो आणि दुसऱ्या व्याख्येने शून्य. हो, शून्य, कारण सेफ्टी स्टॉक अजिबात नसताना एका चक्रात सरासरी तुटवडा पडतो १२२ नगांच्या आसपास, ३,००० च्या मानाने तो ४ टक्केच आहे, म्हणजे फिल रेट आधीच जवळपास ९६ आहे. एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे गोडाऊनमध्ये ५०० नग जास्तीचे पडून राहतात, किंवा उलट, ग्राहकाला एक कबूल केलेलं असतं आणि सिस्टिममध्ये दुसरंच टाकलेलं असतं. इंटरव्ह्यूमध्ये मी हा प्रश्न हमखास विचारतो, आणि मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीतून आलेले पण अडखळतात.

आता गणिताच्या भीतीबद्दल. इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला हे गणित झेपतं, यात मला शंका नाही. जे लागतं ते मोजकं आहे. प्रॉबॅबिलिटी आणि डिस्ट्रिब्यूशन, हे पक्कं हवं, इथे घाई करू नका. दोन स्वतंत्र गोष्टींची व्हेरियन्स बेरजेत येते, स्टँडर्ड डेव्हिएशन येत नाही, ही एक ओळ जरी खऱ्या अर्थाने डोक्यात बसली तरी अर्धा इन्व्हेंटरीचा विषय सोपा होतो, एकाच मालाचे चार गोडाऊनमधले साठे एकत्र केले की सेफ्टी स्टॉक साधारण निम्मा का होतो ते त्याच ओळीतून निघतं (चारही ठिकाणची मागणी सारखी आणि एकमेकांवर अवलंबून नसेल तर, ही अट विसरून लोक गोडाऊनं बंद करतात आणि मग पस्तावतात). त्यानंतर रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज), टाइम सिरीज (काळानुसार बदलणारे आकडे), आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग (मर्यादा पाळून सगळ्यात चांगला पर्याय काढायचं गणित). ते सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत डँट्झिग या गणितज्ञाने १९४७ साली दिली, ती हाताने सोडवायची वेळ तुमच्यावर पुन्हा येणार नाही, सॉल्व्हर नावाचं सॉफ्टवेअर ते करतं, पण धंद्यातली अडचण समीकरणात मांडणं मात्र तुम्हालाच करावं लागतं. हा ट्रक अर्धा भरून गेला तर चालेल का, या प्लांटमध्ये दोन प्रॉडक्ट एका दिवशी घेता येतात का, असल्या गोष्टी कन्स्ट्रेंट, म्हणजे गणितातल्या अटी, म्हणून लिहिता येणं ही वेगळी कला आहे आणि ज्याने ६ वर्षं शॉप फ्लोअर आणि डिस्पॅच बघितलाय तो यात फ्रेशरच्या कितीतरी पुढे असतो. तुमची ६ वर्षं वाया गेलेली नाहीत, वर्गात गेल्यावर ते कळेल.

मशीन लर्निंगचं काय, असं लगेच विचारतात. शिका, पण क्रमाने शिका. २०२० साली एम५ नावाची फोरकास्टिंगची मोठी स्पर्धा झाली, वॉलमार्टच्या विक्रीचा डेटा होता, विक्रीच्या आकड्यांच्या ४२,८४० सिरीज, साडेपाच हजाराच्या आसपास टीम. वरच्या नंबरात आलेल्यांनी बहुतेक लाइटजीबीएम हे मशीन लर्निंगचं साधन वापरलं आणि साध्या पद्धतींपेक्षा ते खरंच बरेच पुढे होते. पण भाग घेतलेल्या बहुसंख्य टीम एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगच्या (ताज्या आकड्यांना जास्त वजन देऊन काढलेली सरासरी) बेंचमार्कलाही मागे टाकू शकल्या नाहीत, आणि ती पद्धत १९५० च्या दशकातली आहे. म्हणून मी म्हणतो की आधी साधं मॉडेल नीट चालवायला शिका, ते कुठे तुटतं ते बघा, मग पुढे जा. स्पेअर पार्ट्ससारख्या मालात तर वर्षातून दोनदा-तीनदाच मागणी येते, मधले सगळे महिने शून्य, तिथे सरळ सरासरी काढणं पण धोक्याचं, क्रॉस्टनने १९७२ साली त्यासाठी वेगळी पद्धत दिली, मागणी किती येते आणि किती दिवसांनी येते या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या. माझी निम्मी नोकरी त्या एका कल्पनेवर निघाली असं म्हटलं तरी चालेल.

कोड आता एआय लिहून देतं हे खरं आहे, त्यामुळे नुसतं कोडिंग येणं याची किंमत कमी होतेय. पण ते लिहून दिलेलं मॉडेल चुकीच्या सर्व्हिस लेव्हलवर चाललंय हे ओळखायला माणूसच लागतो.

मास्टर्स की एमबीए की सर्टिफिकेट, यावर माझं मत स्पष्ट आहे. तुम्हाला माणसं सांभाळायची आहेत, सेल्स-फायनान्सकडे वळायचंय, जनरल मॅनेजमेंटकडे जायचंय, तर एमबीए. प्लॅनिंग, इन्व्हेंटरी, नेटवर्क डिझाइन यातच खोल जायचंय आणि त्यातूनच वर चढायचंय, तर सप्लाय चेनचं मास्टर्स. सर्टिफिकेटांमध्ये एएससीएम या सप्लाय चेनच्या व्यावसायिक संस्थेची सीपीआयएम (प्लॅनिंग आणि इन्व्हेंटरीची) आणि सीएससीपी (संपूर्ण सप्लाय चेनची) (पूर्वी ही संस्था एपिक्स नावाने होती, १९५७ पासून आहे) ही दोन चांगली आहेत, शब्द आणि प्रोसेस पक्क्या होतात, एमआरपी (कुठला माल किती आणि कधी मागवायचा याचा सिस्टिममधला हिशोब) आणि मास्टर शेड्यूलिंग (उत्पादनाचं मुख्य वेळापत्रक) नीट समजतं, पण त्यात ॲनालिटिक्स फारसं नाही, त्यामुळे ती मास्टर्सच्या जागी धरू नका. सीपीआयएम असलेला माणूस मला प्लॅनर म्हणून आवडतो, ॲनालिस्ट म्हणून घेताना मी आणखी काहीतरी शोधतो.

यात एक मधली वाट आहे आणि ती मी मनापासून सुचवतो. एमआयटीने २०१५ साली सप्लाय चेन मॅनेजमेंटचा मायक्रोमास्टर्स जाहीर केला, ऑनलाइन, पाच कोर्स आणि शेवटी एक मोठी परीक्षा, आणि पहिला कोर्स एससी०एक्स म्हणजे पूर्ण ॲनालिटिक्सच. प्रॉबॅबिलिटी, ऑप्टिमायझेशन, रिग्रेशन, सिम्युलेशन सगळं त्यात येतं. हे पूर्ण केलेल्यांना पुढे तिथल्याच मास्टर्सच्या ब्लेंडेड प्रोग्रॅमसाठी अर्ज करता येतो, निवड झाली तर एक सेमिस्टर कॅम्पसवर काढून डिग्री मिळते. पण त्याचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो, तो म्हणजे स्वतःची परीक्षा घेणं. एससी०एक्स घ्या, नोकरी सांभाळून पूर्ण करा. आठवड्याला आठ-दहा तास निघतात का, रात्री दमून आल्यावर प्रॉब्लेम सेट सोडवायची इच्छा होते का, की व्हिडिओ बघून झोपून जाता, ते तीन महिन्यांत कळतं. ज्याला त्या कोर्समध्ये मजा आली त्याने डोळे झाकून मास्टर्सला जावं. ज्याला ओढूनताणून पूर्ण करावा लागला त्याने थांबून विचार करावा, कदाचित तुमचा ओढा प्रोक्युरमेंट किंवा ऑपरेशन्सच्या माणसांच्या बाजूकडे असेल आणि त्यातही उत्तम करिअर होतं.

प्रोग्रॅम निवडताना नावावर जाऊ नका, कारण हा विषय कुठे सप्लाय चेन इंजिनिअरिंग म्हणून शिकवतात, कुठे ऑपरेशन्स रिसर्चमध्ये (ओआर, म्हणजे निर्णय घेण्याचं गणित), कुठे बिझनेस ॲनालिटिक्सच्या आत एक शाखा म्हणून. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग किंवा ओआरच्या डिपार्टमेंटमधला कोर्स गणितात खोल असतो, बिझनेस स्कूलमधला पसरट असतो पण त्यात फायनान्स आणि निगोशिएशन मिळतं. विषयांची यादी उघडा आणि बघा की इन्व्हेंटरी थिअरी पूर्ण सेमिस्टरचा विषय आहे की दुसऱ्या कशात दोन लेक्चरमध्ये उरकलाय. स्टोकास्टिक मॉडेल (अनिश्चितता धरून केलेलं मॉडेल) आणि सिम्युलेशन आहे का ते बघा. जिथे निम्मे विषय अमुक सॉफ्टवेअर, तमुक व्हिज्युअलायझेशन टूल असे आहेत तिथून लांब राहा, टूल तुम्ही ऑफिसात तीन आठवड्यांत शिकाल आणि पाच वर्षांनी ते टूल बदललेलं असेल, १९१३ साली फोर्ड हॅरिसने मांडलेलं ऑर्डर क्वांटिटीचं (एका वेळी किती मागवायचं याचं) सूत्र मात्र अजून तसंच चालतंय. आणि ते सूत्र नीट शिकलं तर कळतं की योग्य आकड्याच्या दुप्पट ऑर्डर केली तरी ऑर्डरिंग आणि होल्डिंगचा (माल साठवून ठेवायचा) मिळून खर्च २५ टक्केच वाढतो, दीडपट केली तर जेमतेम ८ टक्के, म्हणजे त्या आकड्याच्या आसपास राहिलं की पुरे. मी बघितलंय की लोक त्या एका आकड्याच्या अचूकतेवर महिना घालवतात आणि लीड टाइमकडे ढुंकूनही बघत नाहीत.

सगळ्यात जास्त वजन मी कॅपस्टोन प्रोजेक्टला, म्हणजे कोर्सच्या शेवटच्या मोठ्या प्रोजेक्टला, देतो. खऱ्या कंपनीचा खरा, घाणेरडा डेटा मिळतो का, की साफ करून दिलेली फाइल मिळते, हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. माझा कॅपस्टोन माझ्याच तेव्हाच्या कंपनीतला होता, बॉसची लेखी परवानगी घेऊन. तीन लेव्हलचं नेटवर्क होतं, मध्यवर्ती गोडाऊन, त्याखाली प्रादेशिक, त्याखाली सर्व्हिस सेंटर. मला वाटलं होतं की मल्टी-एशलॉनचं, म्हणजे सगळ्या लेव्हलच्या साठ्याचा एकत्र विचार करणारं, मॉडेल बांधण्यात वेळ जाईल, त्यावरच्या क्लार्क आणि स्कार्फच्या १९६० च्या कामापासून वाचून काढलं होतं सगळं. प्रत्यक्षात पहिले सात आठवडे डेटातच गेले, आणि त्यात सापडलं काय तर सिस्टिममध्ये जवळपास सगळ्या वेंडरचा लीड टाइम ३० दिवस. सगळ्यांचा ३०! कोणीतरी कधीतरी डिफॉल्ट टाकला होता आणि तो कोणी बदललाच नव्हता, एमआरपी रोज रात्री त्या खोट्या आकड्यावर चालत होतं आणि रोज सकाळी आम्ही सगळे त्यातून निघालेल्या तुटवड्यांच्या मागे धावत होतो. मी पीओची (खरेदीच्या ऑर्डरची) तारीख आणि जीआरएनची (माल आत आल्याच्या नोंदीची) तारीख घेऊन प्रत्येक वेंडरचा खरा लीड टाइम आणि त्याचा चढउतार काढला. मॉडेल नंतर झालं, ते पण चांगलं झालं, पण ज्या दिवशी मी ती लीड टाइमची यादी मीटिंगमध्ये ठेवली त्या दिवशी खोलीत शांतता झाली आणि माझ्याकडे बघायची लोकांची नजर बदलली.

एक चूकही झाली, ती तुम्ही करू नका. मॉडेलने सांगितलेले नवीन रीऑर्डर पॉइंट (साठा कितीवर आला की पुढची ऑर्डर टाकायची ते आकडे) मी थेट हेडला दाखवले आणि मंजूर करून घेतले, जे प्लॅनर रोज ते आयटम सांभाळत होते त्यांना आधी विचारलंच नाही. दोन महिन्यांत त्यांनी निम्मे आकडे गुपचूप जुन्यावर नेले. मला राग आला होता, पण एकेकाजवळ जाऊन बसलो तेव्हा कळलं की काही आयटमची शेल्फ लाइफ कमी होती, काही पार्ट नेहमी जोडीने जायचे, एका वेंडरकडे वर्षातून एकदा महिनाभर प्लांट बंद असतो, आणि यातलं काहीच डेटात नव्हतं. त्यांचं ऐकून दुरुस्त्या केल्या, मग ते आकडे टिकले. हे कुठल्याही युनिव्हर्सिटीत शिकवत नाहीत आणि मला वाटतं शिकवायला हवं.

वर्गात शिकलेलं ऑफिसात कसं दिसायला लागतं त्याचं आणखी एक सांगतो. बीअर गेम नावाचा एक खेळ एमआयटीत १९६० च्या सुमारास बसवला गेला, तो बहुतेक सगळ्या कोर्समध्ये खेळायला लावतात, चार जण साखळीत बसतात, ग्राहकाची मागणी एकदाच थोडीशी वाढते आणि मागच्या टोकाला फॅक्टरीपर्यंत पोचेस्तोवर ऑर्डरींचा डोंगर होतो. बुलव्हिप म्हणतात त्याला. १९९७ साली ली, पद्मनाभन आणि व्हँग या संशोधकांनी त्याची चार कारणं मांडली: समोरून आलेल्या ऑर्डरींवरून प्रत्येकाने मागणीचा अंदाज आपापल्या परीने बदलत राहणं, ऑर्डर साठवून एकदम टाकणं, किमतीतले चढउतार आणि सवलतीच्या स्कीम, आणि तुटवड्यात गरजेपेक्षा जास्त मागून ठेवणं. हे शेवटचं माझ्यासमोर घडलं. एका पार्टचा तुटवडा पडला, सगळ्या डीलरनी दुप्पट-तिप्पट ऑर्डर टाकल्या, सेल्सवाले म्हणाले डिमांड वाढलीय, मी मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो, मी म्हटलं ही डिमांड नाही, भीती आहे, डीलरच्या काउंटरवरून खरोखर किती गेलं ते मागवू. मागवलं. विक्री होती तेवढीच होती. त्यावेळी प्रॉडक्शन दुप्पट केलं असतं तर तो माल आजही पडून असता. २००१ साली सिस्कोला दोन अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा स्टॉक तोट्यात लिहावा लागला, त्यामागे अशा फुगलेल्या ऑर्डरींचाही हात होता, इतकी मोठी कंपनी आणि इतकी चांगली सिस्टिम असून.

नोकरी सोडून की चालू ठेवून? इंडस्ट्री बदलायची असेल, किंवा दुसऱ्या देशात जायचं असेल, तर पूर्ण वेळ करा, कारण तिथे कॅम्पसची भरती आणि बॅचमधल्या ओळखी कामाला येतात आणि त्या पार्ट-टाइमवाल्याला तितक्या मिळत नाहीत. त्याच क्षेत्रात वर जायचं असेल तर नोकरी चालू ठेवा. शनिवारी शिकलेलं सोमवारी स्वतःच्या आयटमवर लावून बघता येतं, याच्याइतकं पक्कं शिक्षण दुसरं नाही. पण घरच्यांशी आधी नीट बोला, दोन-अडीच वर्षं सुट्टीचे दिवस जातात आणि त्याचा भार एकट्या तुमच्यावर येत नाही. आणि बॉसशी पण बोला, अर्ज करण्याच्या आधी. मी त्यांना एवढंच विचारलं होतं की हे झाल्यावर मला कुठलं काम देता येईल. त्यावर उत्तर आलं नसतं तर मी दुसऱ्या कंपनीची तयारी त्याच दिवसापासून सुरू केली असती. कारण पगार वाढतो तो खुर्ची बदलली की. त्याच खुर्चीत बसून नुसती डिग्री दाखवली तर फार काही हलत नाही. माझी जागा बदलली ती डिग्रीनंतर १४ महिन्यांनी, आणि ती लीड टाइमच्या यादीमुळे बदलली.

अर्जातल्या निबंधाबद्दल थोडं. "मला लहानपणापासून लॉजिस्टिक्सची आवड आहे" असलं लिहू नका. तुमच्या प्लांटमधली एक अडचण लिहा, आकड्यांसकट, तुम्ही काय करून बघितलं, कुठे अडलात, आणि ते सोडवायला या प्रोग्रॅममधला कुठला विषय हवाय. निवड करणाऱ्यांना असा निबंध लगेच वेगळा दिसतो.

तयारीला चार-पाच महिने द्या. आधी प्रॉबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स, रोज तासभर, गणितं वहीत सोडवून. त्याच्या जोडीने एसक्यूएल, कारण ईआरपीतला डेटा स्वतः काढता आला की आयटीवाल्यांची वाट बघणं संपतं. पायथॉन त्यानंतर, पांडास या डेटा हाताळायच्या लायब्ररीपुरतं येऊ द्या, ऑप्टिमायझेशनसाठी पुढे पल्प ही लायब्ररी घ्या, घाई नाही. एक्सेलचा सॉल्व्हर सुरुवातीला पुरतो.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी, या आठवड्यात, एक काम करा. गेल्या बारा महिन्यांचे सगळे पीओ काढा, ऑर्डरची तारीख, कबूल केलेली तारीख आणि माल प्रत्यक्ष आत आल्याची तारीख, तीन कॉलम. वेंडरप्रमाणे सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढा आणि शेजारी सिस्टिममध्ये भरलेला लीड टाइम ठेवा. जास्तीत जास्त दोन संध्याकाळी जातील, एक्सेलमध्येच होतं. ज्या दहा वेंडरमध्ये फरक सगळ्यात मोठा निघेल त्यांचे आयटम घ्या, वरचं सेफ्टी स्टॉकचं गणित त्यांना लावा आणि तुमच्याकडे सध्या किती ठेवलाय त्याच्याशी ताडून बघा. त्या दहा ओळींमध्ये "हे असं का" असं जिथे तुम्हाला पहिल्यांदा वाटेल, ती ओळ निबंधासाठी बाजूला काढून ठेवा.